ह्याच्यात काही दिसतंय का?

निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर फक्की पडायच्या आत कुंपणाशी मोटारसायकली लागलेल्या असतात. सेनगावकडून, औंढ्याकडून, कळमनुरीच्या पलीकडच्या तांड्यांवरून माणसं आलेली असतात. मागच्या सीटवर बारा-तेरा वर्षांचं लेकरू, पायात मोठ्या भावाचे बूट, हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि शाळेचं बोनाफाईड. लेकरू रांगेत जाऊन उभं राहतं आणि बाप हळूच बाजूला येऊन विचारतो, "सर, ह्याच्यात काही दिसतंय का?"

१ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास मी क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो. म्हणजे जिल्ह्याचं आणि माझ्या नोकरीचं वय जवळपास एकच. एवढ्या वर्षांत कबड्डीचा शिक्षक म्हणून, पंच म्हणून, निवड समितीवरचा माणूस म्हणून हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला. पहिली दहा-बारा वर्षं मी त्याचं उत्तर तिथल्या तिथे देत असे. "हो, दम आहे पोरात." किंवा, "शाळा शिकू द्या, खेळाचं नंतर बघू." आता तसं देत नाही. आता म्हणतो, तीन महिन्यांनी मी तुमच्या गावाला येतो, तेव्हा सांगतो.

हे "तीन महिन्यांनी" म्हणजे टाळाटाळ नाही. पुढच्या पानांत जे आहे ते सगळं त्याच्यातून निघालेलं आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या पाच तालुक्यांतल्या काही क्रीडाशिक्षकांनी आपापल्या वह्यांत केलेल्या नोंदी एकत्र करून ही पुस्तिका तयार झाली आहे. दहा ते सोळा वयाच्या कबड्डीपटूकडे कसं बघावं, काय मोजावं, मोजलेल्याचा अर्थ काय लावावा आणि काय लावू नये, एवढाच तिचा विषय. तिला प्रस्तावना लिहिताना मला त्या वह्यांचं कौतुक करायचं आहेच. पण त्याआधी हा प्रश्न आज इतका जड का झाला ते सांगितलं पाहिजे.

कबड्डी आपल्याकडे पूर्वीपासून नोकरी देणारा खेळ होता. पोलीस, रेल्वे, राज्य सेवेतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. चांगला कोपरारक्षक म्हणजे भरतीला उभा राहू शकणारा माणूस, हे गावाला कळत होतं. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे, त्यामुळे वर्दीतला खेळाडू इथल्या पोरांनी रोज पाहिलेला असतो. मग २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेलेल्या राकेश कुमारला पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजारांना घेतलं होतं. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. हे आकडे मोबाईलवरून तांड्यापर्यंत पोचले. हळदीला भाव किती आणि पवनला किती, हे एकाच पारावर बोललं जाऊ लागलं. त्यात वाईट काही नाही. शेताच्या बांधावर खेळलेला खेळ घर चालवू शकतो हे पोरांना दिसलं, ही मोठी गोष्ट आहे.

पण हिशोब मांडून बघा. बारा संघ, एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. काठोकाठ भरले तरी तीनशे, आणि त्यातच इराणचे वगैरे परदेशी खेळाडू. एका तालुक्यातल्या तीस शाळांनी चौदा वर्षांखालच्या गटात बारा-बारा पोरांचे संघ उतरवले तर तीनशे साठ होतात. एका तालुक्यात, एका वयोगटात. बापाच्या प्रश्नात आता हा सगळा भार असतो. मी "हो" म्हटलं तर तो दोन एकरातला अर्धा एकर गहाण ठेवायला निघतो. "नाही" म्हटलं तर पोरगं त्या दिवसापासून मैदान सोडतं. दोन्ही शब्द मी वापरले आहेत, आणि दोन्ही वेळा चुकलो आहे.

२००६ च्या आसपासची गोष्ट. तालुक्याच्या चाचणीला एक पोरगा आला होता. तेरा वर्षांचा, ओठावर मिसरूड फुटलेलं, खांदे मोठ्या माणसासारखे. त्याने त्या दिवशी समोरच्या पोरांना अक्षरशः ओढत मध्यरेषेवर आणलं. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दोन फुल्या आहेत. त्याच रांगेत एक वाळकं पोरगं होतं. पकडायला जायचं आणि फेकलं जायचं. तीन वेळा फेकलं गेलं, तिन्ही वेळा समोरच्याच्या घोट्याला हात लागला होता. मी ते पाहिलं होतं, तसं वहीत लिहिलंही आहे. तरी त्याला घेतलं नाही. कारण हात लागत होता, पण माणूस थांबत नव्हता.

दोन फुल्यांचा पोरगा पुढे दोन वर्षांत अर्ध्या इंचानेही वाढला नाही. बाकीचे वाढले, त्याच्या बरोबरीला आले, आणि त्याच्याकडे ओढाताणीशिवाय काही नव्हतं हे उघडं पडलं. त्याला दुसरं काही शिकायची गरजच कधी पडली नव्हती. वाळक्या पोराला मी बऱ्याच वर्षांनी एका यात्रेतल्या खुल्या स्पर्धेत पाहिलं. डावा कोपरा. वर्दीतल्या संघाच्या तगड्या चढाईपटूचा घोटा त्याने असा धरला की तो माणूस जागेवर बसला. सामना संपल्यावर तो जवळ आला, "सर, ओळखलं का?" म्हणाला. मी ओळखलं नव्हतं. त्याने गाव आणि साल सांगितलं तेव्हा आठवलं. तेव्हा तो ट्रॅक्टर चालवत होता. सराव वर्षातून चार यात्रांपुरता. तो माझ्याशी चांगलं बोलला, तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

त्या रात्री घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. माझ्या निवडी तपासायला लागलो आणि एक गोष्ट कळली. मी खेळाडू निवडत नव्हतो, आधी वाढलेली पोरं निवडत होतो.

ही चूक माझ्या एकट्याची नाही हे मला फार लांबच्या एका खेळाने शिकवलं. बर्फावरची हॉकी. आपल्या देशात ती लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळतात, हिंगोलीत बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. पण उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये १९६३ पासून दरवर्षी पोरं पारखून घेतली जातात, आणि कुणी कुणाला कितव्या क्रमांकावर घेतलं याचा हिशोब जगासमोर राहतो. आज बत्तीस संघ, सात फेऱ्या, एका वर्षी दोनशे चोवीस नावं, वय बहुतेकांचं अठरा. प्रत्येक संघाचे पगारी पारखी वर्षभर गावोगाव फिरतात. पोरांची उंची-वजनं घेतात, उड्या मोजतात, सायकलवर दम निघेपर्यंत पायडल मारायला लावतात.

एवढं करून काय होतं? १९९३ मध्ये ओटावाच्या संघाने पहिल्या क्रमांकावर अलेक्झांडर डेगलला घेतलं. त्याच्याकडून सगळ्यांना जी अपेक्षा होती ती त्याच्या कारकिर्दीत कधी पुरी झाली नाही. त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर गेलेला ख्रिस प्रॉन्गर त्या खेळाच्या थोरांमध्ये जाऊन बसला. डेट्रॉईटच्या संघाने १९९८ मध्ये पावेल डॅटसुक या रशियन पोराला १७१ व्या क्रमांकावर घेतलं. आधीच्या दोन वर्षी त्याला कुणीच हात लावला नव्हता, अंगाने लहान म्हणून. पुढच्या वर्षी त्याच संघाने स्वीडनच्या हेन्रिक झेटरबर्गला २१० व्या क्रमांकावर उचललं. २००८ मध्ये डेट्रॉईटने त्या लीगचा स्टॅनली कप जिंकला तेव्हा संघाचा भार याच दोघांच्या खांद्यांवर होता, आणि अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू झेटरबर्ग ठरला. या निवडींचं श्रेय हाकन आंदरसन या स्वीडिश पारख्याला देतात. इतरांना दिसलं नाही ते त्याला दिसलं, कारण जिथे कुणी फिरकत नव्हतं तिथे तो जात होता, आणि अंगाच्या पलीकडचं बघत होता.

याच खेळातून आणखी एक शोध निघाला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या दशकात कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली सामना बघायला गेले होते. त्यांच्या पत्नी पॉला माहितीपत्रक चाळत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक खेळाडूंचे वाढदिवस जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधले आहेत. बार्न्सलींनी मग याद्या काढून मोजल्या, आणि ते खरंच निघालं. कारण साधं आहे. तिथे वयोगटाची रेषा १ जानेवारीला पडते. जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात खेळतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक उंचीत आणि वजनात सहज दिसतो. मोठा दिसणारा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि तीन-चार वर्षांनी तो खरोखरच चांगला झालेला असतो. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की वर्षाच्या शेवटी जन्मलेली पोरं निवडीत मागे पडतात, पण निवडली गेली तर आपल्या क्रमांकाच्या मानाने जास्त खेळून दाखवतात.

आपल्या शालेय स्पर्धांची रेषासुद्धा १ जानेवारीच आहे. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील, तिन्ही गट त्याच रेषेवर कापलेले. तेव्हा मी उत्साहाने आमच्या संघांच्या जुन्या प्रवेशिका काढल्या आणि जन्ममहिने मोजायला बसलो. अर्ध्या तासात वही मिटली.

आमच्याकडे सगळी पोरं १ जूनला जन्मलेली होती.

हे शहरात वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावं लागेल. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप लेकराला घेऊन यायचा, गुरुजी विचारायचे, कधीचं हे? आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी झालं. कुणी सांगायची, किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. कुणाला तेही सांगता यायचं नाही. गुरुजी हाताचा पंजा डोक्यावरून दुसऱ्या कानाला पोचतो का बघायचे आणि १ जून लिहून टाकायचे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या कार्यालयाची यादी काढा, निम्मं कार्यालय एकाच दिवशी निवृत्त होताना दिसेल. आता दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, जन्माचे दाखले मिळतात, परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. पण ऊसतोडीवर, फडात, कोपीत जन्मलेलं लेकरू अजूनही कागदावर वेगळ्या दिवशी जन्मतं.

म्हणजे कॅनडावाल्यांना निदान आपली चूक मोजता आली. आम्हाला तीही मोजता येत नाही. माझ्यासमोरचं कागदावरचं तेरा वर्षांचं पोरगं खरं बाराचं असेल किंवा साडेचौदाचं. यात लबाडी असतेच असं नाही, बहुतेक वेळा नसतेच. क्रिकेटच्या नियामक मंडळाने सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवायची पद्धत ठेवली आहे. तालुक्याच्या चाचणीला ते शक्य नाही. आणि समजा झालं, तरी त्यातून हाड किती पक्कं झालं ते कळेल, खेळाडू किती शिकेल ते नाही.

या अडचणीवर पुस्तिकेत जो उपाय सुचवला आहे तो मला पटला, कारण तो आमच्या जिल्ह्यात उद्यापासून करता येतो. पोराची तुलना दुसऱ्या पोराशी करायची नाही, त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या रूपाशी करायची. शाळेच्या भिंतीवर पेन्सिलीची खूण, दर तीन महिन्यांनी एक. मुलांमध्ये साधारण चौदाच्या आसपास आणि मुलींमध्ये त्याच्या दोन वर्षं आधी उंची झपाट्याने वाढते, मुलगा एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर वर जातो. खुणांमधलं अंतर अचानक वाढलं की समजावं, आता हे लेकरू वाढीच्या ऐन भरात आहे. या काळात हात-पाय लांबतात आणि त्यांच्यावरचा ताबा काही महिने सुटतो. कालपर्यंत सफाईने चवडा मारून परतणारं पोरगं आज आपल्याच पायात अडखळतं. प्रशिक्षक म्हणतो, आळशी झालं. आई म्हणते, नजर लागली. तसं काही नसतं. याच दिवसांत गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला दुखायला लागतं. डॉक्टरांकडे त्याला ऑसगुड-श्लॅटर असं नाव आहे, आणि विश्रांतीने आणि सराव बेताचा ठेवल्याने ते बहुतेकांचं बरं होतं. "गुडघा गेला" म्हणून किती पोरांना आपण घरी पाठवलं असेल याचा विचार केला की मला स्वस्थ बसवत नाही. आणि ज्याच्या खुणा वर्षभर जवळजवळ एकाच जागी आहेत पण अंग भरलेलं आहे, तो आपली वाढ आधीच करून बसलेला आहे. त्याला आज मिळणारे गुण उद्याचे नाहीत.

राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेशाला नऊ कसोट्या घेतात. उंची, वजन, तीस मीटरची धाव, सहा वेळा दहा मीटरची ये-जा, उभ्याने वर उडी, उभ्याने लांब उडी, एक किलोचा मेडिसिन बॉल फेकणं, पुढे वाकून लवचीकता, आणि शेवटी आठशे मीटर. या कसोट्यांवर टीका करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. टेप आणि घड्याळ कुणाच्या ओळखीचं नसतं. गावच्या पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आलेलं पोरगं आणि तांड्यावरून चालत आलेलं पोरगं घड्याळासमोर सारखं. ज्या भागात शिफारशीवर कामं होतात तिथे ही फार मोठी सोय आहे, ती घालवू नये. पण टेप त्या दिवसाचं अंग मोजतं, त्याच्यापुढचं त्याला दिसत नाही. आणि त्या दिवसाचं अंगसुद्धा नीट मोजायचं तर पोर जेवलेलं असावं लागतं. चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर, पहाटे चहा-बिस्कीट खाऊन आलेलं लेकरू दुपारी बाराला आठशे मीटर पळतं. आमच्या एका सहकाऱ्याने चाचणीच्या सकाळी केळ्यांचे घड आणून ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकी दोन केळी, मग अर्धा तास बसायचं, मग पळायचं. पुस्तिकेतल्या सगळ्या सूचनांत मला ही सूचना अगदी वर छापावीशी वाटली होती.

मुलींच्या बाबतीत हे आणखी जपून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं आहे. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत जी मुलगी बसते तिच्यात जिद्द नाही असं लिहिण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होतं. गोळ्या मिळतात, तीन-चार महिन्यांत फरक दिसतो. मग पुन्हा पळवा. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. खो-खोत धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. मराठवाड्याच्या मातीत मुली खेळत नाहीत, हे कुणी आता म्हणू नये. खेळतात, पण आठवी-नववीत घरी बसवल्या जातात. मुलीची क्षमता जोखणं म्हणजे अर्धं काम तिच्या घरी जाऊन बसणं असतं, आणि ते काम शिक्षकालाच करावं लागतं.

मग बघायचं तरी काय? इथे पुस्तिकेतला तिसरा भाग येतो. तो मी तीन वेळा वाचला. त्यात मांडलेल्या काही गोष्टी मी माझ्या शब्दांत सांगतो.

चढाईला गेलेलं पोर परत कसं येतं ते बघा. आत जाताना सगळेच वाघ असतात. निदान रेषा ओलांडली, कोपऱ्याच्या दिशेने दोन पावलं टाकली, आणि काही मिळणार नाही असं दिसलं. त्या क्षणी शहाणं पोर बोनस रेषेकडे एक नजर टाकतं, समोर सहा जण आहेत का ते मोजतं, आणि रिकाम्या हाताने सुखरूप परततं. रिकामं परत येण्यात कमीपणा न वाटणं ही बारा वर्षांच्या मुलात फार दुर्मीळ गोष्ट आहे. ती दिसली की वहीत नोंद करा. दुसरं, पकडीत कोपऱ्यावरचं पोर किती वेळ थांबू शकतं. हात पुढे करायचा मोह आवरून चढाईपटूचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघत थांबणं. तीस सेकंदांच्या चढाईत हे थांबणं दोन-तीन सेकंदांचंच असतं, पण तेच सगळं असतं. तिसरं, साखळीत हात धरलेला जोडीदार चुकल्यावर हे पोर काय करतं. ओरडतं, की त्याची मोकळी झालेली जागा भरतं. आणि चौथं, बाद होऊन बाहेर बसल्यावर त्याची नजर कुठे असते. काही पोरं बाहेर बसली की गप्पा मारतात, काही मान खाली घालतात. एखादं असं असतं की बाहेर बसूनही त्याचे पाय आतल्या चढाईबरोबर सरकत असतात. यातलं काहीही उंची-वजनावर अवलंबून नाही, आणि कागदावरची जन्मतारीख खोटी असली तरी हे खोटं ठरत नाही.

पण यातलं काहीही एका दिवसात पुरतं दिसत नाही, म्हणून दुसरी भेट. पहिल्या भेटीत एक छोटी गोष्ट शिकवायची. डाव्या पायाचा चवडा मारायला उजव्या पायाच्या पोराला शिकवा, इतकंच. कुणाला रागवायचं नाही, कुणाकडून वचन घ्यायचं नाही. तीन महिन्यांनी न सांगता जायचं. बहुतेक पोरं ते विसरलेली असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दोन-तीन जण बऱ्यापैकी करून दाखवतात. एखादा असतो, ज्याने खळ्यावर, गोठ्याच्या भिंतीशी, एकट्याने ते इतकं घोटलेलं असतं की मी शिकवलं होतं त्याहून त्याचं वेगळं आणि चांगलं झालेलं असतं. बापाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळतं. पोर किती शिकलं यापेक्षा कुणी बघत नसताना किती शिकलं, त्यावर माझा भरवसा बसतो.

आपले जुने वस्ताद हे जाणत होते. तालमीत आलेल्या पोराला ते लगेच डाव शिकवत नसत. महिनोन्‌महिने हौद खणायला, माती उकरायला, झाडलोट करायला लावत. लोक म्हणतात ती सेवा होती. मला वाटतं ती त्यांची लांबलचक निवड चाचणीही होती. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णविजेते. त्यांनी वस्ताद म्हणून घडवलेला बीडचा राहुल आवारे २००८ मध्ये पुण्याला युवा राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकला. पोरगं वयात येताच चमकलं, असं कुणालाही वाटलं असतं. पण मोठ्यांच्या राष्ट्रकुलचं सुवर्ण त्याला २०१८ मध्ये मिळालं, बरोबर दहा वर्षांनी, आणि तोवर बिराजदार हयात नव्हते.

खाशाबा जाधवांचं उदाहरण तर घरोघरी ठाऊक असायला हवं. राजाराम महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांच्या लहान चणीकडे बघून त्यांना आधी घेतलंच नव्हतं, मग त्यांनी थेट प्राचार्यांकडे जाऊन संधी मागितली, असं सांगतात. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चं ते कांस्य स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एकाने अंगाकडे बघितलं, दुसऱ्याने माणसाकडे.

प्रो कबड्डीतलीच दोन नावं घेतो, कारण पोरांना ती जवळची वाटतात. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये पहिल्यांदा या लीगमध्ये उतरला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना. सोळाव्या वर्षी कुणी त्याच्या नावावर काट मारली असती तर? दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. पुणेरी पलटणने त्याला नव्या तरुण खेळाडूंच्या योजनेतून घेतलं, लिलावातली मोठी बोली लावून नव्हे. १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा अस्लम कर्णधार होता, आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. एकाला उशिरा दार उघडलं, दुसऱ्याला बाजूच्या दाराने आत घेतलं. बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे तर सैन्यात भरती होईपर्यंत स्टीपलचेस पळलाच नव्हता.

या उदाहरणांतून कुणी असं समजू नये की प्रत्येक पोरात एक अस्लम दडलेला आहे. तसं नाही. बहुतेक पोरं लीगपर्यंत पोचणार नाहीत, आणि हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना नीट, स्पष्ट, प्रेमाने सांगणं हासुद्धा आपल्या कामाचा भाग आहे. पुस्तिकेच्या चौथ्या भागात त्याबद्दल जे लिहिलं आहे ते मला थोडं त्रोटक वाटलं. पुढच्या आवृत्तीत ते वाढवावं. बापाला नेमकं सांगावं की दहावी सोडायची नाही, पोलीस भरतीसाठी उंचीची अट काय, राज्य पातळीवर कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र नोकरीला चालतं. खेळाने घर चालतं याचा अर्थ फक्त लिलाव नव्हे.

एक अडचण मात्र ना टेपने सुटते, ना नजरेने. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी आणि लेकरं. ती परत येतात उन्हाळ्यात. शालेय स्पर्धांचे वरचे टप्पे याच महिन्यांत होतात. तालुक्याला पहिला आलेला संघ विभागाला जातो तेव्हा त्यातली दोन-तीन पोरं सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात फडात असतात. उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या त्या पोरांचे हात, कंबर आणि दम मी पाहिलेला आहे. आमच्या याद्यांत त्यांच्या नावापुढे वर्षानुवर्षं एकच शब्द आहे, गैरहजर. पुस्तिका करणाऱ्यांनी हा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं आहे. त्याऐवजी "तोडीवर, कधी येणार" असा रकाना केला आहे आणि त्यात महिना लिहायचा आहे. छोटा बदल आहे, पण त्यामुळे शिक्षक उन्हाळ्यात त्या घरी पुन्हा जातो.

नमुन्यासाठी पुस्तिकेच्या शेवटी वहीचं एक कोरं पान छापलं आहे. रकाने साधे आहेत. नाव, गाव, कागदावरची जन्मतारीख, आईने सांगितलेला जन्म, भिंतीवरच्या खुणा, पहिल्या भेटीत काय शिकवलं, दुसऱ्या भेटीत काय दिसलं. आईने सांगितलेला जन्म हा रकाना आमच्यातल्या एका बाईंनी सुचवला, आणि आता आम्हाला तोच सगळ्यात कामाचा वाटतो.

माझ्या चालू वहीत वसमत तालुक्यातल्या एका मुलीची ओळ आहे. कागदावर १ जून. आई म्हणाली, नागपंचमीच्या आधी चार दिवस, साल नक्की नाही. उंची बेताची, आठशे मीटरला शेवटून तिसरी, रक्त तपासायला पाठवली आहे. उजव्या कोपऱ्यावर उभी होती, आणि चढाई संपेपर्यंत तिने एकदाही हात आधी टाकला नाही. तिला डाव्या हाताची घोट्याची पकड दाखवून आलो. शेवटचा रकाना अजून रिकामा आहे. सोयाबीन निघालं की जायचं आहे, दिवाळीच्या आत, त्यांची ट्रॉली निघायच्या आधी.